ढिगाखालचे ओले धान्य

शेअर घ्यावा की घेऊ नये, यावर रत्नागिरीत आम्हा मंडळींची चर्चा सुरू झाली की ती बहुधा बँकेपाशी येऊन अडते. औषधांच्या कारखान्याचा, सिमेंटचा, मोटारींचा शेअर असेल तर कोणी फारसा आक्षेप घेत नाही. बँकेचे नाव निघाले की मात्र दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बँकेचा धंदाच व्याजाचा, तिचा शेअर म्हणजे व्याजाच्या दुकानातली भागी. दुसरा म्हणतो, मग बँकेत खाते तरी कशाला ठेवता? वाद तापतो, मगरिबची अजान होते आणि तो तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेवरून सुरू होतो.

आमच्या मते हा वाद खरा आहे, पण अपुरा आहे. वस्तू हलाल की हराम हे ठरले म्हणजे व्यवहारातली नीती संपली, असे आपण धरून चालतो. वास्तविक तिथून पुढेच बरेचसे प्रश्न सुरू होतात. ज्या धंद्यात आपला पैसा आहे त्यात काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक आहे काय? नफ्यात भागी घेतली तर तोट्याची जबाबदारी कोणाची? आणि आपल्याजवळचा किडका माल आपण कोणाच्या गळ्यात मारतो आहोत?

आम्ही म्हणजे कोणी मोठे गुंतवणूकदार नव्हेत. जहाजावर उमर घालवून परतलेले खलाशी, कुवेत-दुबईत वीस-पंचवीस वर्षे काढून आलेले फिटर आणि कारकून, निवृत्त शिक्षक, मिरकरवाड्याच्या बंदरात एखाद्या होडीत भागी असणारे, चार आंब्याची कलमे राखणारे. कोकणातल्या मुसलमानाचा पैसा असाच येतो, समुद्रावरून किंवा समुद्रापलीकडून, आणि येतो तो हंगामाने. तो कुठेतरी ठेवावा लागतो. घरात ठेवला तर महागाई खाते, सोन्यात घातला तर लग्नाखेरीज बाहेर निघत नाही, जमिनीत घातला तर सातबारावरच्या नावांचे भांडण मागे लागते. म्हणून बँक, आणि अलीकडे डिमॅट खाते.

व्याजाचा मुद्दा आधी घेऊ. कुरआनने रिबा निषिद्ध ठरवला याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते बँकेचे व्याज म्हणजे तोच रिबा काय, याबद्दल. बहुसंख्य उलेमा होय म्हणतात. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८५ साली तसाच निर्णय दिला. उलट इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी १९८९ साली सरकारी बचत प्रमाणपत्रांवरचा परतावा जायज मानला आणि जगभर गदारोळ झाला. आपल्याकडे बहुतेकांनी मधला मार्ग काढला. खाते ठेवायचे, व्याज काढून घ्यायचे आणि सवाबची अपेक्षा न ठेवता गरिबाला देऊन टाकायचे. आम्ही फतवा द्यायला बसलेलो नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमाला विचारावे.

देशाच्या पातळीवरही हा प्रश्न येऊन गेला. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ साली बिनव्याजी वित्तव्यवस्थेचा विचार व्हावा असे सुचवले. २०१६ साली रिझर्व्ह बँकेने नेहमीच्या बँकांतच एक ‘इस्लामी खिडकी’ उघडण्याची कल्पना मांडली आणि २०१७ साली ती सोडून दिली. स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंडाची शरियत योजना डिसेंबर २०१४ मध्ये सुरू व्हायची होती, ती आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली. शेअर बाजारात मात्र वाट निघाली. टाटांचा एथिकल फंड १९९६ पासून आहे आणि मुंबई शेअर बाजाराने २०१० साली पन्नास कंपन्यांचा शरियत निर्देशांक काढला. अशा निर्देशांकांतून दारू, जुगार यांच्याबरोबर बँकाही वगळलेल्या असतात आणि बाकीच्या कंपन्यांवरचे कर्ज ठराविक मर्यादेत आहे का, ते पाहिले जाते. ज्याला बँकेचा शेअर नको त्याच्यासाठी रस्ता खुला आहे.

तरी एक कोडे उरते. मुदत ठेवीत परतावा आधी ठरलेला असतो. बँक बुडो की तरो, ठेवीदाराला त्याचे टक्के हवे असतात. शेअरमध्ये काहीच ठरलेले नसते. नफा झाला तर लाभांश, तोटा झाला तर हात रिकामे. म्हणजे व्यवहाराचा साचा पाहिला तर बँकेचा शेअर हा आपल्या शिरकतीच्या, भागीदारीच्या कल्पनेला जवळचा आहे आणि ठेव ही रिबाला. पण शेअर ज्या धंद्यातला आहे तो धंदा व्याजाचा. साचा आपला, आतला माल परका. आम्हाला वाटते, या कोड्यातच पुढच्या विचाराची किल्ली आहे. कारण साचा आणि माल वेगळे असू शकतात, हे एकदा मान्य केले की नुसत्या नावावर आणि शिक्क्यावर विसंबून चालत नाही.

नावावर विसंबल्याने काय होते ते आपण पाहिले आहे. हलाल नफ्याच्या नावाने बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी, म्हणजे आयएमए, ही संस्था उभी राहिली. जून २०१९ मध्ये तिचा चालक देश सोडून पळाला आणि हजारो घरांतली पुंजी गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये हिरा समूहाच्या प्रमुख नौहेरा शेख यांना अटक झाली होती. आयएमएने गुंतवणूकदारांना ठेवीदार म्हटलेच नव्हते. कागदोपत्री त्यांना भागीदार करून घेतले होते. व्याज नाही, नफ्यातला वाटा आहे, असे सांगितले की आमची माणसे पुढचा प्रश्न विचारत नव्हती. नफा येतो कुठून? दर महिन्याला शेकडा अडीच-तीन टक्के देणारा कोणता धंदा आहे, आणि त्याला कधीच तोटा कसा होत नाही? शब्द सगळे आपल्या ओळखीचे होते, म्हणून हिशेब मागण्याची गरज वाटली नाही.

आता दुसरा शिक्का, सरकारी परवानगीचा. दुसऱ्या तटाची सारी भिस्त यावर असते. रिझर्व्ह बँक आहे, सेबी आहे, मग भीती कसली? इतिहास पाहिला तर जवळजवळ प्रत्येक नियम कोणाच्या तरी बुडालेल्या पैशातून जन्माला आला आहे. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा १९६२ पासून ठेवींवर विमा आला. त्या वेळी त्याची मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण झाले, त्याच वर्षी सेबीला कायद्याचे बळ मिळाले. त्या प्रकरणात कुंभार्ली घाट चढून गेले की लागणाऱ्या कराडची बँक, बँक ऑफ कराड, बुडाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. एका बांधकाम कंपनीच्या समूहाला दिलेली कर्जे लपवण्यासाठी या बँकेत एकवीस हजारांवर खोटी खाती दाखवली होती. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली आणि २०२१ साली नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देण्याची कायद्यात तरतूद झाली.

नियंत्रक निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. तो नसता तर काय झाले असते, हे आयएमएच्या माणसांना विचारावे. पण नियंत्रक हा रस्त्यावरच्या पोलिसासारखा आहे. तो असला म्हणून आपण डोळे मिटून रस्ता ओलांडत नाही.

हदीसच्या ग्रंथांत मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग आहे. तो आपल्यापैकी अनेकांनी खुतब्यात ऐकलेला असेल. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. त्यावर त्यांनी त्याला विचारले की मग ते ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे त्यांनी बजावले.

या प्रसंगातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. धान्य भिजले याबद्दल विक्रेत्याला दोष दिलेला नाही. पाऊस कोणाच्या हातात नसतो. दोष आहे तो ओले खाली आणि कोरडे वर ठेवण्याचा. बँकेलाही हेच लागू पडते. दिलेले कर्ज बुडणे हा गुन्हा नाही. दुष्काळ येतो, मंदी येते, कारखाना बंद पडतो. बुडालेले कर्ज वसूल होत असल्यासारखे दाखवणे, हा गुन्हा आहे.

येस बँकेचे उदाहरण घ्या, कारण आमच्यातल्या पुष्कळांनी तो शेअर कधी ना कधी हाताळला आहे. २०१५-१६ च्या ताळेबंदात बँकेने आपली थकीत कर्जे सुमारे ७४९ कोटी दाखवली होती. रिझर्व्ह बँकेने तपासणी केली तेव्हा ती सुमारे ४,९२६ कोटी निघाली. नियंत्रकाने ढिगात हात घातला होता आणि असा फरक जाहीर करण्याचा नियमही २०१७ मध्ये आणला. म्हणजे ओले धान्य वर आले होते. लोकांनी काय केले? ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर चारशेच्या घरात गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये या वर्षी फरक शून्य निघाला असे बँकेने जाहीर करताच एका दिवसात शेअर जवळजवळ तीस टक्क्यांनी उसळला. अहवालातला सोयीचा तेवढाच भाग सांगितला म्हणून रिझर्व्ह बँकेने तिला समज दिली. ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले. ठेवीदाराला पन्नास हजारांची मर्यादा घातली गेली, स्टेट बँक आणि इतर बँकांनी दहा रुपये भावाने भांडवल घातले आणि शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले.

तेव्हा आमच्यात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. काहींचे म्हणणे होते, ठेवीदाराचा पैसा सुटला, मग शेअरवाल्याने काय पाप केले? तोही सामान्य माणूसच आहे. मास्तर मंडळींपैकी एकाने उत्तर दिले, तुम्ही भाव चारशे असताना मालक होता, आता दहावर आला तेव्हा सामान्य माणूस झालात काय? ते कडवट होते, पण त्यात तथ्य होते. आपल्या फिकहमध्ये एक जुने सूत्र आहे, की ज्याच्या डोक्यावर जोखीम, त्याचाच फायद्यावर हक्क. ते उलटूनही वाचावे लागते. फायद्यावर हक्क सांगायचा तर जोखीमही डोक्यावर घ्यावी लागते. बँक बुडाली तर आधी मालकाने झळ सोसावी, मग ठेवीदाराला लागावी, हा क्रम न्यायाचाच आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली तेव्हा शेअरधारकांना शेअरमागे २८ रुपये तरी मिळाले. ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या शेअरधारकांना २००४ साली आणि लक्ष्मी विलास बँकेच्या शेअरधारकांना २०२० साली काहीच मिळाले नाही.

मात्र हा न्याय पुरा व्हायला एक अट आहे. जोखीम दाखवलेली असली पाहिजे. खरेदी केलेल्या मालात लपवलेला दोष निघाला तर तो परत करण्याचा हक्क आपल्या शास्त्राने ग्राहकाला दिला आहे. घोडा लंगडा निघाला, कापड आतून फाटके निघाले, तर विक्रेत्याकडे जाता येते. शेअर कोणाकडे परत न्यायचा? तुम्हाला चारशेला शेअर विकणारा माणूस तुमच्यासारखाच कोणीतरी होता. लपवले त्याने नव्हते. लपवणारा दूर कुठेतरी वरच्या मजल्यावर बसलेला आहे आणि त्याच्याशी तुमचा थेट सौदाच झालेला नाही. बाजारातल्या माणसाला परत जायला दार उरत नाही, म्हणून नियंत्रक हवा आणि तो कडक हवा. येस बँकेत जे जोखमीपोटी गेले ते सोसायला हवे. जे लपवाछपवीमुळे गेले त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क लहान भागीदाराला आहेच. दोन्ही रकमा एकाच नुकसानीत मिसळलेल्या असतात, ही अडचण आहे. पण त्या एकच आहेत असे त्यामुळे ठरत नाही.

आणि मालक म्हणवणाऱ्या आपल्याला आपली मालमत्ता दिसते तरी किती? मिरकरवाड्यात होडी धक्क्याला लागली की तिच्यातल्या भागीदाराला टोपल्या मोजता येतात. जाळे रिकामे आले तर तांडेल, खलाशी, मालक सगळ्यांना एकाच वेळी कळते. बँकेचे तसे नाही. आपल्याच जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. वेलदूरच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, लाठ्या खाल्ल्या. त्या प्रकल्पात आयडीबीआय, आयसीआयसीआय, स्टेट बँक यांची मोठी कर्जे होती. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, ती इतकी महाग पडली की २००१ मध्ये वीज मंडळाने घेणे थांबवले. प्रकल्प बंद पडला, डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीने तो हाती घेतला. त्या काळात या बँकांचे शेअर बाळगणारा रत्नागिरीकर वेलदूरच्या मोर्चाला सहानुभूती दाखवत होता आणि त्याच वेळी, नकळत, ज्या प्रकल्पाविरुद्ध मोर्चा होता त्याच्या सावकारांचा भागीदार होता. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले, की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र ठरवल्या होत्या. आपल्याच मोहल्ल्याला दार बंद करणाऱ्या बँकेचेही आपण मालक असू शकतो. वार्षिक अहवाल येतो, सभेची नोटीस येते, मतदानाचा हक्क मोबाइलवर येतो. किती जण तो वापरतात? शंभर शेअरच्या मताने बँक हलणार नाही हे खरे. पण हिशेब न वाचताच भागीदार राहणे हे अमानतीच्या कोणत्या व्याख्येत बसते?

या साऱ्यात आम्हाला सर्वांत अवघड वाटतो तो प्रश्न खरेदीचा नसून विक्रीचा आहे. समजा, एखाद्याचा भाचा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो एका रात्री फोन करतो, “मामा, आमचा शेअर असला तर काढून टाका. जास्त विचारू नका.” मामाच्या नावावर दोनशे शेअर आहेत. ते मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले आहेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. मामाने काय करावे?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. जाहीर न झालेल्या आतल्या बातमीवर सौदा करणे सेबीच्या नियमांनी १९९२ पासून बंद आहे आणि २०१५ चे नियम त्याहून कडक आहेत. सांगणारा भाचाही दोषी, वागणारा मामाही दोषी. पण दोनशे शेअरवाल्या मामाला पकडायला कोण येणार? म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच्या आणि अल्लाहच्या मध्ये येतो. आमच्यात यावर दोन मते पडली. एकजण म्हणाले, घर जळत असताना आधी मुलांना बाहेर काढतात. घराबाहेर पडणे म्हणजे चोरी नव्हे. दुसरे म्हणाले, भाई, तुम्ही बाहेर पडता तेव्हा तुमच्या जागी कोणाला तरी आत ढकलता. विकत घेणारा असल्याशिवाय विक्री होतच नाही.

आम्ही दुसऱ्या मताचे आहोत. पडद्यावर खरेदीदाराचे नाव दिसत नाही, एवढ्यावरून तो नाहीसा होत नाही. तो मालवणचा मच्छीमार असेल, मालेगावचा यंत्रमागवाला असेल, आपल्यासारखाच मुलीच्या लग्नासाठी पै पै जमवणारा असेल. त्याला ढीग कोरडा दिसतो आहे. आपला हात आत जाऊन ओला झाला आहे. तो हात खिशात लपवून माल त्याच्या पदरात घालणे म्हणजे मदिनेच्या त्या विक्रेत्याच्याच जागी उभे राहणे. त्याला निदान पावसाची सबब होती.

यावर कोणी म्हणेल, मग काय बुडून जायचे? होय, कधी कधी तोटा सोसणे हाच हलाल मार्ग असतो, आणि तो महाग पडतो. मात्र एक भेद करायला हवा. ताळेबंद वाचून, वर्तमानपत्रातली बातमी पाहून, थकीत कर्जे वाढताहेत असे स्वतःच्या अभ्यासाने ठरवून कोणी शेअर विकला, तर त्यात फसवणूक नाही. ती माहिती खरेदीदारालाही खुली होती. मार्च २०२५ मध्ये इंडसइंड बँकेने हिशेबातली तफावत जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे सत्तावीस टक्के कोसळला. जाहीर झाल्यानंतर ज्यांनी विकला त्यांनी तोट्यात विकला, पण ओले धान्य वर असताना विकला. त्याआधी ज्याला आतून कळले असेल आणि ज्याने विकला असेल, त्याची गोष्ट वेगळी. दोघांच्या सौद्यात बटण एकच दाबले जाते.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत सूरह बकरात आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत याविषयी आहे. आपल्या धर्माने हिशेबाच्या वहीला एवढी जागा दिली. तरी आमच्या चर्चेत वही उघडलेली क्वचितच दिसते. भाव आणि फतवा हेच दोन विषय असतात. आमची सूचना साधी आहे. चर्चेला बसणाऱ्यांपैकी ज्याला हिशेब कळतो अशा एकाने तिमाहीला एकदा एका बँकेचा ताळेबंद मोठ्याने वाचावा. थकीत कर्जे किती, मागच्या वेळी किती होती, लेखापरीक्षकाने काय शेरा मारला, एवढे तरी सर्वांनी ऐकावे. ज्यांना बँकेचा शेअर हराम वाटतो त्यांनीही ऐकावे, कारण त्यांची ठेव त्याच बँकेत आहे. कोणाच्या घरी आतली बातमी आली तर ती घेऊन कोणी चर्चेला बसू नये. आणि कोणत्याही योजनेवर हलाल असे लिहिलेले दिसले, तर तो शब्द वाचल्यावर पहिला प्रश्न विचारावा, की नफा येतो कुठून.